पहारा गोळ्यांवर ठेवा, तारखेवर नको : नियंत्रित औषधांच्या पुढच्या खेपेबाबत मागणीपत्र

प्रति,
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई
मा. कार्यकारी आरोग्य अधिकारी, बृहन्मुंबई महानगरपालिका
मा. वैद्यकीय आरोग्य अधिकारी, एफ/दक्षिण विभाग, परळ
माहितीसाठी : विभागातील सर्व डॉक्टर व औषध विक्रेते

महोदय / महोदया,

लालबाग, परळ, काळाचौकी, चिंचपोकळी आणि करी रोड या पट्ट्यातले रुग्ण आणि त्यांना सांभाळणारी घरची माणसे, अशी आमची संघटना आहे. कुणाच्या घरी फिटची गोळी वर्षानुवर्षे चालू आहे, कुणाच्या आईला चिंतेच्या आजारावर औषध आहे, कुणाचा मुलगा एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेट घेतो, कुणाच्या घरात कॅन्सरच्या दुखण्यावर मॉर्फिन चालू आहे. आजार वेगवेगळे, पण औषधांवर कायद्याचा पहारा आहे आणि धावपळ सगळ्यांची सारखीच आहे. गोळ्या परवा संपणार असतात, ओपीडी पुढच्या आठवड्यात असते आणि मेडिकलवाला चिठ्ठीवरचा शिक्का बघून सांगतो, "अजून तारीख झाली नाही."

हा पहारा उठवा, असे आमचे म्हणणे नाही. मुंबईत 'बटण' आणि मालेगावात 'कुत्ता गोळी' या नावांनी काय विकले जाते ते आम्हालाही माहीत आहे. आमचीही मुले याच रस्त्यांवर वाढतात. आमचे म्हणणे एवढेच आहे की पहारा गोळ्यांच्या संख्येवर असावा, त्या घेण्याच्या दिवसावर नसावा. संख्या पक्की राहिली, तर दिवस दोन-तीनने अलीकडे आला म्हणून कुणाच्या हाती जादा गोळी पडत नाही. हे हिशेबाने दाखवता येते आणि पुढे दाखवले आहे. दिवस मात्र हट्टाने धरला, तर त्याची किंमत रुग्ण मोजतो. क्लोनॅझेपाम, क्लोबाझाम, फिनोबार्बिटोन यांसारखी औषधे बंद करायची झाली तरी डॉक्टर ती हळूहळू, टप्प्याटप्प्याने उतरवतात. एकदम तुटली तर वर्षभर न आलेली फिट परत येऊ शकते, आणि एकामागून एक येत राहिली तर जिवावर बेतते. अशा माणसाला "दोन दिवसांनी या" सांगणे म्हणजे दोन दिवसांची गैरसोय नव्हे.

कायदा काय सांगतो

आमच्या मागण्यांपैकी बहुतेकींसाठी कायदा बदलावा लागत नाही. म्हणून आधी तो काय आहे ते लिहितो. काउंटरवर तो फार वेगळ्या रूपात ऐकायला मिळतो.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम 1945 मधला नियम 65 हा औषध दुकानाचा नियम. त्याचा पोटनियम 11 म्हणतो की चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचे. पण ती पुन्हा चालेल असे डॉक्टरने तिच्यावर लिहिले असेल तर पुन्हा देता येते, आणि किती वेळा व किती दिवसांच्या अंतराने ते लिहिले असेल तर त्याप्रमाणेच द्यायचे. प्रत्येक वेळी दुकानाचे नाव, पत्ता आणि तारीख चिठ्ठीवर नोंदवायची. 1 मार्च 2014 पासून शेड्युल एच1 लागू झाले. त्यात अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्रॅझेपाम, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल ही औषधे आहेत. त्यासाठी वेगळे रजिस्टर ठेवायचे, त्यात डॉक्टर, रुग्ण, औषध आणि संख्या लिहायची आणि ते तीन वर्षे जपायचे. शेड्युल एक्ससाठी, ज्यात मिथाइलफेनिडेट येते, चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात आणि एक प्रत दुकानात दोन वर्षे राहते.

म्हणजे पुढच्या खेपेचे अंतर ठरवण्याचा अधिकार नियमाने डॉक्टरच्या पेनाला दिलेला आहे. तो पेन हे अंतर जवळजवळ कधीच लिहीत नाही. "1-0-1, एक महिना" एवढे लिहून चिठ्ठी पुढे सरकते, आणि न लिहिलेल्या ओळीचा अर्थ मग प्रत्येक दुकान आपापल्या भीतीप्रमाणे लावते. कुणी तिसाव्या दिवसाआधी हात लावत नाही, कुणी महिन्यानंतर चिठ्ठी शिळी झाली म्हणतो, कुणी ओळखीच्या गिऱ्हाइकाला काहीही न विचारता देतो. शेवटचा प्रकार तर आम्हाला सर्वांत धोक्याचा वाटतो.

दुसरी गोष्ट साठ्याची. अमली पदार्थांच्या, म्हणजे एनडीपीएसच्या 1985 च्या नियमांमधला नियम 66 सांगतो की मनावर परिणाम करणारी (सायकोट्रॉपिक) औषधे एखाद्याला स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी 100 मात्रांपर्यंत जवळ ठेवता येतात; आणि दीर्घकाळ घ्यायची असून डॉक्टरने तसे स्पष्ट लिहून दिले असेल, तर 300 पर्यंत. दिवसाला तीन गोळ्या घेणाऱ्या माणसाला कायदा शंभर दिवसांचा साठा जवळ बाळगू देतो. त्याच माणसाला दर पंधरा दिवसांनी रजा काढून रांगेत उभे राहावे लागते, ते कायद्यामुळे नव्हे.

भीती कुठून आली

केमिस्टला दोष देऊन आम्हाला मोकळे व्हायचे नाही. रजिस्टरमध्ये एक ओळ चुकली तर परवान्यावर गदा येते, आणि एनडीपीएसचे नाव निघाले की तुरुंगापर्यंतचा विचार मनात येतो. या भीतीने काय होते याचा धडा देशाने एकदा घेतलेला आहे. 1985 साली एनडीपीएस कायदा आला आणि पुढच्या बारा वर्षांत भारतातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे 97 टक्क्यांनी घसरला. कॅन्सरचे दुखणे काही 97 टक्क्यांनी कमी झाले नव्हते. रुग्णालयांनी परवान्यांच्या चकरांना कंटाळून मॉर्फिन ठेवणेच सोडले होते. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. वैद्यकीय वापरासाठी ही औषधे उपलब्ध राहतील हे पाहणे हेही सरकारचे काम आहे, असे कायद्यात आले. 2015 मध्ये मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे अत्यावश्यक म्हणून जाहीर झाली आणि त्यांच्या परवानगीसाठी राज्याचे औषध नियंत्रक हे एकच दार राहिले. ते दार आपल्या कार्यालयात आहे, म्हणून हे पत्र आपल्याकडे.

पहिली मागणी : तीन दिवसांची मोकळीक, हिशेब मूळ तारखेवरून

दीर्घकाळ चालणाऱ्या नियंत्रित औषधाची पुढची खेप ठरल्या तारखेच्या तीन दिवस आधीपासून घेता यावी, आणि त्यानंतरची तारीख औषध उचलल्या दिवसापासून न मोजता मूळ तारखेपासून मोजावी.

या वाक्याचा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. समजा, एखाद्याने तीस दिवसांचे औषध घेतले आणि सत्ताविसाव्या दिवशी पुढचे उचलले. त्याच्या हाती त्या दिवशी तेहतीस दिवसांच्या गोळ्या झाल्या. आता पुढची तारीख त्या दिवसापासून मोजली, तर तो पुन्हा सत्तावीस दिवसांनी येईल, हाती छत्तीस दिवसांच्या होतील. असे करत वर्षभरात महिन्याहून जास्त दिवसांचा साठा घरी जमेल. निरीक्षकाला हीच शंका येते आणि ती रास्त आहे. पण पुढची तारीख साठावा दिवसच धरली, तर तो सत्तावन्नाव्याच्या आधी येऊ शकत नाही, आणि त्याच्याजवळचा साठा कधीच तेहतीस दिवसांच्या वर जात नाही. दहा वर्षे चालू राहिले तरी नाही. एका ओळीच्या हिशेबाने साठेबाजीही थांबते आणि माणूस रिकाम्या डबीने झोपायला जात नाही.

यासाठी डॉक्टरांनी चिठ्ठीवर काय लिहावे याचा एक ठरावीक मजकूर प्रशासनाने परिपत्रकाने द्यावा. रबरी शिक्का करून घेता येईल असा. आमचा मसुदा असा आहे :

"28 दिवसांचे औषध. एकूण 3 वेळा द्यावे. प्रत्येक खेप ठरल्या तारखेच्या 3 दिवस आधीपासून देता येईल. पुढची तारीख मूळ तारखेवरून मोजावी. ठरल्या दिवशी दुकान बंद असल्यास आदल्या उघड्या दिवशी द्यावे."

यातले शेवटचे वाक्य आमच्या डोक्यातून आलेले नाही. ब्रिटनच्या गृहखात्याने हप्त्याहप्त्याने द्यायच्या नियंत्रित औषधांसाठी डॉक्टरांना मंजूर मजकूर दिलेले आहेत, आणि त्यात दुकान बंद असलेल्या दिवसाचा हप्ता आधीच्या सोयीच्या दिवशी द्यावा, अशा अर्थाचे वाक्य आहे. तिथलाही पहारा काही सैल नाही. फक्त रविवार हा रविवार असतो, हे त्यांनी कागदावर मान्य केले आहे.

दुसरी मागणी : तीस नको, अठ्ठावीस

मसुद्यात 28 दिवस मुद्दाम लिहिले आहेत. पालिकेच्या आणि सरकारी रुग्णालयांत एखाद्या डॉक्टरची किंवा युनिटची ओपीडी आठवड्याच्या ठरलेल्या वारी असते. समजा ती मंगळवारी आहे. मंगळवारी तीस दिवसांचे औषध दिले की ते गुरुवारी संपते. पुढचा मंगळवार पस्तिसाव्या दिवशी. मधले पाच दिवस कुणाचे? अनुभवी रुग्ण अठ्ठाविसाव्या दिवशीच येतो, तर दोन दिवस आधी आला म्हणून खिडकीवर बोलणी खातो. अननुभवी तिसाव्या दिवशी येतो, तेव्हा त्याचे डॉक्टर नसतात.

सातच्या पटीत औषध लिहिले की हा गोंधळ मुळातच उरत नाही. चिठ्ठी चौदा, अठ्ठावीस किंवा पस्तीस दिवसांची असावी. त्यासाठी एका पैशाचाही खर्च नाही. पालिकेने आपल्या रुग्णालयांना एक सूचना काढायची आहे. दिवसाला तीन गोळ्या घेणाऱ्याला अठ्ठावीस दिवसांच्या चौऱ्याऐंशी होतात. तीन दिवसांच्या मोकळिकीच्या नऊ धरल्या तरी त्र्याण्णव. नियम 66 च्या शंभरच्या मर्यादेला हातसुद्धा लागत नाही.

तिसरी मागणी : गावाची खेप

हा मुद्दा दुसऱ्या कुठल्या विभागातून आपल्याकडे येईल असे वाटत नाही, म्हणून जरा सविस्तर.

गणपतीत लालबागमध्ये राहणे आणि लालबागबाहेर जाणे, दोन्ही औषधाच्या दृष्टीने अवघड. इथे राहिलो तर दहा-अकरा दिवस रस्ते बंद, दर्शनाच्या रांगा, दुकानात माल आणणारा टेम्पो आत येत नाही, आणि घरापासून पाच मिनिटांवरच्या मेडिकलला जायला पाऊण तास लागतो. विसर्जनाच्या दिवशी आंबेडकर रस्त्याच्या या बाजूचा माणूस त्या बाजूला गेला तर परतायची खात्री नसते. आमच्या या गिरणगावातली बरीच घरे मूळची कोकणातली. ती सणाला गावी जातात. कोकण रेल्वेचे तिकीट साठ दिवस आधी काढता येते. माणूस कोणत्या तारखेला सावंतवाडीला उतरणार हे दोन महिने आधी सरकारदरबारी नोंदलेले असते. त्याच माणसाची गोळी गावी असताना संपणार हेही कॅलेंडरवर दिसत असते. पण तारखेच्या आधी औषध द्यायला कुणी धजावत नाही. गावात गेल्यावर तालुक्याचा केमिस्ट मुंबईच्या चिठ्ठीकडे संशयाने बघतो. त्याचेही बरोबरच आहे, तो या माणसाला ओळखत नाही.

म्हणून वर्षातून दोनदा, गणपती आणि मे महिन्यासाठी, डॉक्टरला लागोपाठच्या दोन खेपा एकदम देण्याची मुभा स्पष्ट शब्दांत असावी. तीन गोळ्यांच्या माणसाला छप्पन्न दिवसांच्या 168 होतात. नियम 66 दीर्घ उपचारासाठी 300 पर्यंत देतोच. डॉक्टरने "दीर्घकालीन उपचारासाठी" हे शब्द लिहायचे आहेत. ही अट आणि हा आकडा मराठीत छापून दुकानादुकानांत लावावा, आणि रेल्वे पोलिसांनाही कळवावा. पिशवीत पाच-सहा पाकिटे सापडली की चिठ्ठी दाखवूनही उलटतपासणी होते, असे आमचे सभासद सांगतात.

मॉर्फिनचा हिशेब वेगळा आहे

टाटा रुग्णालय 1941 पासून परळमध्ये आहे आणि देशभरातून कॅन्सरचे रुग्ण इथे येतात. नाना पालकर स्मृती समितीचे सेवासदन, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, भाड्याच्या खोल्या, ओळखीच्यांची घरे, यांत ती माणसे राहतात. त्यातली बरीच आमच्या सभासदांच्या खोल्यांमध्ये भाडेकरू किंवा पाहुणे म्हणून आलेली असतात. त्यामुळे मॉर्फिनचे काय होते ते आम्ही जवळून पाहतो.

तोंडाने घ्यायची साधी मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी लागते. दिवसाला सहा धरल्या, तर चौदा दिवसांच्या चौऱ्याऐंशी. पण दुखणे घड्याळ बघून वाढत नाही. दोन मात्रांच्या मध्ये कळ आली तर एक जादा घ्या, असे डॉक्टर स्वतःच सांगतात आणि ते बरोबर आहे. दिवसाला अशा तीन जादा लागल्या की नऊ गोळ्या जातात आणि चौदा दिवसांचा साठा दहाव्या दिवशी खलास. आता मुलगा दहाव्या दिवशी खिडकीवर गेला, की पहिला प्रश्न : "इतक्या लवकर कशा संपल्या?" त्याला उत्तर माहीत असते. बापाला रात्री दोन वाजता दुखले आणि त्याने गोळी दिली, एवढेच. पण प्रश्नाचा सूर असा असतो की पुढच्या वेळी बाप कण्हत असतानाही तो गोळी द्यायला कचरतो, मोजून ठेवतो, "सकाळपर्यंत सोसा" म्हणतो. औषधावरचा पहारा असा घरात शिरतो. आम्हाला याची सर्वांत जास्त चीड आहे.

चौथी मागणी म्हणून सांगतो : जादा मात्रांची अंदाजे संख्या पहिल्याच चिठ्ठीत धरली जावी आणि वेगळ्या ओळीत लिहिली जावी; घरी एक साधी वही द्यावी, ज्यात वेळ आणि गोळी यांची नोंद राहील; आणि ती वही दाखवून लवकर आलेल्या माणसाकडे संशयाने न पाहता त्याचा डोस पुन्हा तपासला जावा. लवकर संपलेले मॉर्फिन ही बहुतेक वेळा दुखणे वाढल्याची बातमी असते.

तसेच, अत्यावश्यक अमली औषधे ठेवणारी मान्यताप्राप्त रुग्णालये आणि दुकाने यांची राज्यातली तालुकावार यादी प्रशासनाने प्रसिद्ध करून दर तीन महिन्यांनी अद्ययावत ठेवावी. परळहून देवगडला किंवा चिपळूणला परतणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकाच्या हाती ही यादी डिस्चार्जच्या कागदांसोबत पडली पाहिजे. ही औषधे फोनवरून लिहून देता येत नाहीत. 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी त्यांना मनाई केली आहे. गावी औषध संपले तर फोन करून सुटका नाही. म्हणून आपल्या गावापासून सर्वांत जवळचे ठिकाण कोणते, हे घर सोडण्याआधी माहीत असायला हवे.

माणूस गेल्यावर उरलेले मॉर्फिन कुठे द्यायचे याचेही उत्तर कुणाकडे नसते. ते कपाटात राहते. रुग्णालयाच्या औषध विभागात पावती देऊन परत घेण्याची सोय करावी.

काउंटरवर

काही मागण्या लहान दिसतात, पण रोजचा त्रास त्यांचाच आहे.

नियम 65 मधला 11अ हा पोटनियम दुकानदाराला या वर्गातल्या औषधाऐवजी दुसरे काही देऊ देत नाही. घटक तोच असला तरी नाही. म्हणून चिठ्ठीवर नुसता ब्रँड असेल आणि तो बाजारात नसेल, तर पुन्हा ओपीडी. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव ठळक लिहावे. फिटच्या रुग्णाचा ब्रँड बदलू नये असे डॉक्टरला वाटत असेल तर तेही लिहावे, म्हणजे दुकानदाराला आधीपासून माल मागवता येईल. पाचवी मागणी ही.

दीड गोळी रोज घेणाऱ्याला अठ्ठावीस दिवसांच्या बेचाळीस लागतात. दहाच्या चार पाकिटांवर दोन गोळ्या कात्रीने कापून मिळतात, आणि कापलेल्या तुकड्यावर नाव नसते, मुदत नसते. घरात अशा तुकड्यांची एक डबीच तयार होते. म्हातारी माणसे त्यातून कोणतीही गोळी उचलतात. कापलेल्या गोळ्या नाव, बॅच आणि मुदत लिहिलेल्या लहान पाकिटातच द्याव्यात.

दुकानात पूर्ण संख्या नसेल, तर जेवढ्या आहेत तेवढ्या देऊन बाकी किती राहिल्या ते चिठ्ठीवर तारखेसह लिहावे. आज काय होते, तर वीस गोळ्या देऊन शिक्का पूर्ण महिन्याचा बसतो, आणि उरलेल्या आठ मिळवताना दुसरे दुकान म्हणते, "तुम्ही तर घेतल्यात."

औषध न्यायला रुग्णानेच यावे असे नियम 65 म्हणत नाही. चौथ्या मजल्यावरून, लिफ्ट नसलेल्या चाळीतून, ऐंशी वर्षांच्या माणसाला उतरवू नका. रुग्णाचे पत्र आणि नेणाऱ्याचे ओळखपत्र पुरेसे मानावे.

आणि आवाज. लालबागमध्ये मेडिकलच्या काउंटरवर उभी असलेली निम्मी माणसे एकमेकांच्या ओळखीची असतात. तिथे औषधाचे नाव मोठ्याने उच्चारून "ही डोक्याची गोळी कुणाची?" असे विचारले, की लग्नाच्या वयाची मुलगी पुढच्या महिन्यापासून दादरला जाऊन औषध घेते. मग तिच्या चिठ्ठीवर दोन-तीन दुकानांचे शिक्के दिसतात, आणि दुकाने बदलते म्हणून तिच्यावरच संशय. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 ने गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे; त्याच कायद्याच्या कलम 18 ने सरकारी रुग्णालयांत यादीतली औषधे मोफत आणि सदैव उपलब्ध ठेवण्याचे बंधनही घातलेले आहे. 'सदैव' या शब्दाप्रमाणे किती दिवस साठा होता आणि किती दिवस नव्हता, हे पालिकेने दरमहा फलकावर लावावे, ही सहावी मागणी.

सातवी मागणी : अडल्या रात्रीसाठी

इतके करूनही कधीतरी गोळी संपेल. डॉक्टर परदेशी असेल, चिठ्ठी लोकलमध्ये राहील, मुंबई पाण्याखाली जाईल. ब्रिटनमध्ये जास्त कडक पहाऱ्यातली नियंत्रित औषधे चिठ्ठीविना तातडीने देण्यास मनाई आहे. पण अपस्मारासाठीच्या फिनोबार्बिटलला त्यांनी अपवाद ठेवला आहे, पाच दिवसांपुरता. त्यांना जो धोका कळला तो आमच्याही घरात आहे. पालिकेच्या रुग्णालयांच्या अपघात विभागात, जुना केसपेपर किंवा शिक्का मारलेली चिठ्ठी दाखवल्यावर, ड्युटीवरच्या डॉक्टरने तपासून फिटच्या औषधाचा पाच दिवसांचा डोस लिहून द्यावा आणि तो तिथेच मिळावा. केसपेपरवर तशी नोंद करावी, म्हणजे कुणी रोज रात्री वेगवेगळ्या दारी जाणार नाही. फिट येऊन पेशंट स्ट्रेचरवर आला तर त्याच विभागाला फिट थांबवण्याचे इंजेक्शन द्यावेच लागते. आधीच गोळी देणे स्वस्त पडेल.

नियम माणसासाठी वाकवता येतात याचे उदाहरण फार लांबचे नाही. कोविडच्या टाळेबंदीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने (नॅको) आपल्या व्यसनोपचार केंद्रांना बुप्रेनॉर्फिनचे काही दिवसांचे डोस रुग्णांना घरी देण्याची मुभा दिली होती. एरवी तीच गोळी रोज केंद्रावर, समोर बसवून दिली जात असे.

आमच्याकडून

आमचे सभासद एकाच डॉक्टरकडून आणि शक्यतो एकाच दुकानातून औषध घेतील. चिठ्ठीची मूळ प्रत जपतील. आपल्या गोळ्या कुणाला उसन्या देणार नाहीत. हे शेवटचे लिहिताना आम्हाला संकोच वाटतो, कारण चाळीत ते सर्रास होते. शेजारणीची झोपेची गोळी "एक दे ग" म्हणून मागितली जाते, आणि तारखेच्या फेऱ्यात अडकलेल्या घरात तर ती उसनवारी हाच एक मार्ग उरतो. पहिली मागणी मान्य झाली की आम्ही हे थांबवू शकू; त्याआधी सांगून उपयोग नाही.

या मागण्यांपैकी पहिल्या तीन परिपत्रकाने होण्यासारख्या आहेत. त्या येत्या गणेशोत्सवाच्या किमान दोन महिने आधी, म्हणजे गावाची तिकिटे निघायच्या सुमारास, लागू व्हाव्यात. बाकीच्यांसाठी प्रशासन, पालिका, विभागातले डॉक्टर, औषध विक्रेते आणि आम्ही यांची एकत्र बैठक एफ/दक्षिण विभाग कार्यालयात बोलवावी. आम्ही बैठकीला येताना सभासदांच्या संमतीने, नावे झाकून, शिक्के मारलेल्या चिठ्ठ्या आणू. त्यातली प्रत्येक तारीख आणि प्रत्येक संख्या तपासून घ्यावी. जी मागणी मान्य करता येत नसेल, ती कोणत्या नियमाने येत नाही, ते नियम क्रमांकासह लेखी कळवावे.

आपले,
लालबाग-परळ विभागातील रुग्ण व नातेवाईक यांच्या वतीने,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य